बायजाच्या नावावरचं दुखणं

आमच्या सासूबाईंना, बायजाबाईंना, फेफरं येतं हे मला लग्नाआधीच कळलं होतं. मला बघायला जूचंद्रहून मंडळी आली, तेव्हा होणाऱ्या नवऱ्याच्या काकाने, रामूकाकाने, पोह्यांची बशी खाली ठेवली आणि आधी हेच सांगून टाकलं. आमची वहिनी आजारी माणूस आहे, तिला चुलीपाशी बसू द्यायचं नाही, पाण्यापाशी एकटं सोडायचं नाही, तेवढं सांभाळशील तर घर तुझंच. मला तो माणूस तिथल्या तिथे आवडला. घरातलं दुखणं झाकून सून नेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. सासूबाई गालातल्या गालात हसत होत्या. रामूकाकाची बायको, चांगुणाकाकी, मात्र पाणी प्यायच्या निमित्ताने उठून ओटीवर गेली होती.

लग्न होऊन आले तर काय, बायजाचं फेफरं म्हणजे अख्ख्या गावाचा मामला. लग्नघरी वडे तळायला बायका बसल्या की आईंना, म्हणजे सासूबाईंना, कोणी कढईजवळ फिरकू देत नसे. खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरून त्या एकट्या निघाल्या तर लांबून हाका मारून थांबवत. आणि त्या कुठेही गेल्या की बरोबर चांगुणाकाकी. हा नियम आमच्या आजेसासूने घालून दिला होता: धाकट्या सुनेने थोरलीला क्षणभरही नजरेआड करायचं नाही. आजेसासू जाऊन जमाना झाला, तरी दोघी जावा बाजाराला, देवीच्या डोंगरावर, बारशाला, मयताला जोडीनेच जात. मी मात्र आईंना फेफरं आलेलं एकदाही पाहिलं नाही. गोळ्यांचा गुण आहे, असं सगळे म्हणत. गोळ्या आणायला त्या स्वतः जात, त्यात कधी खाडा नाही.

माझा स्वभाव तापट आहे. नवरा, सुरज, वालीवला लेथ चालवतो. तो म्हणतो, कारखान्यातली मशीन बंद करून घरी आलो की घरातली सुरू होते. पण आईंवर माझा जीव आहे. मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडायचं मी ठरवलं होतं, आणि त्यांनीच मला हाताला धरून रिक्षात बसवलं होतं. त्या पोरीवरून आमची भांडणंही झाली. फेफऱ्याचं माणूस असून बाळाला न्हाऊ घालायला त्या स्वतः बसायच्या. काकीला पाटाजवळसुद्धा येऊ द्यायच्या नाहीत. मी म्हणायची, काकी धडधाकट आहे, तिला घालू द्या ना. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करून बाळाच्या डोक्यावर पाणी ओतायच्या. मला त्यांचा हा एकच हट्ट कळत नव्हता.

मी वसईला एका ट्रस्टच्या रुग्णालयात काम करते. आमचं रुग्णालय, आसपासचे दवाखाने, रक्त तपासणाऱ्या लॅब आणि औषधांची दुकानं यांनी मिळून रुग्णांच्या नोंदींची एक साखळी केली आहे. ब्लॉकचेन म्हणतात ती हीच. एका ठिकाणी लिहिलेलं सगळ्यांकडे एकाच वेळी पक्कं होतं. पुढे कोणाला ते खोडावंसं वाटलं, तर बाकीच्यांकडची प्रत त्याला खोटं पाडते. आणि नोंदीला कुलूप असतं, त्याची किल्ली रुग्णाच्या अंगठ्यात. रुग्णाने ज्याला परवानगी दिली त्यालाच ती दिसते, आणि कोणी केव्हा उघडून बघितलं हेही आपोआप लिहिलं जातं. एवढ्या नोंदी वाचायला डॉक्टरांना कुठला वेळ, म्हणून त्या वाचून सावध करायला एआय आहे. ते बाईच्या आवाजात मराठी बोलतं, म्हणून वॉर्डातल्या मावश्यांनी त्याचं नाव मशीनबाई ठेवलं आणि आता डॉक्टरही तेच म्हणतात.

माझं काम रुग्णांचे अंगठे घ्यायचं आणि हे सगळं त्यांच्या गळी उतरवायचं. लोक विचारतात, माझी शुगर माझ्या व्याह्यांना तर दिसणार नाही ना? नाही दिसणार म्हटलं की त्यांचा चेहरा सैल पडतो. माणसाला दुखण्यापेक्षा दुखण्याच्या बोभाट्याची धास्ती जास्त असते, हे मी त्या टेबलाशी बसून शिकले. आमच्या घरी मात्र उलटा प्रकार, बोभाटा आधीच झालेला, असं मला वाटत होतं.

यंदा दिवाळी झाल्यावर आईंच्या पोटात कळ आली आणि राहीना. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, पित्ताशय सुजलेलं. सर्जन म्हणाले, सूज औषधांनी थोडी उतरवू आणि याच आठवड्यात पित्ताशय काढून टाकू, वाट बघण्यात अर्थ नाही, आत फुटलं तर जिवावर बेतेल. मी आईंना आमच्याच रुग्णालयात दाखल केलं. त्यांचा अंगठा मीच घेतला. डॉक्टर आणि मी, एवढ्यांनाच त्यांनी परवानगी दिली. सुरजला नको म्हणाल्या, तो घाबरट आहे. काकीला देऊ का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली, नाही. मला नवल वाटलं, पण म्हटलं दुखण्याने हैराण आहेत.

अँथनी डॉक्टरांचे जुने केसपेपर साखळीत चढलेले होते. नायगावला त्यांचा दवाखाना होता आणि आईंच्या फेफऱ्याच्या गोळ्या त्यांनीच सुरू केल्या होत्या. ते वारले, मग गोळ्या दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालू राहिल्या. मशीनबाईने ते सगळं वाचलं आणि भूल द्यायच्या आधी रक्तात त्या औषधाचं प्रमाण बघा, असं सुचवलं. बघितलं तर रक्तात औषधाचा अंशही नाही. स्क्रीनवर आलं की रुग्णाने अनेक वर्षं औषध नियमित नेलं आहे, पण घेतलेलं दिसत नाही. एक तर रुग्ण औषध घेत नाही, किंवा ते दुसरी व्यक्ती घेते. दुसरं वाचून मला हसू आलं. फेफऱ्याच्या गोळ्या दुसरं कोण खाईल, त्या काय बोरं आहेत?

पहिलं वाचून मात्र माझं डोकं सटकलं. भूल देणारे डॉक्टर जॅक्सन म्हणाले की इतका जुना आजार आणि गोळ्या बंद, अशा रुग्णाला भूल देताना झटका आला तर निस्तरणं अवघड. आधी गोळ्या सुरू करू, रक्तात प्रमाण येऊ दे, मग शस्त्रक्रिया. तोवर पित्ताशयाने धीर धरला म्हणजे झालं. मी तशीच वॉर्डात गेले आणि आईंना फैलावर घेतलं. इतकी वर्षं गोळ्या आणल्या त्यांचं काय केलंत? त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, टाकल्या. कुठे टाकल्या? खाडीत. मला वाटलं, आता मलाच फेफरं येणार. बाजूच्या खाटेवरची बाई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच सासूला छळतेय.

त्या दिवसापासून ॲनिशा सिस्टर सकाळ-संध्याकाळ गोळी द्यायच्या आणि आई शाळेतल्या पोरीसारख्या मुकाट्याने गिळायच्या. दोन-चार दिवसांत त्यांची रयाच गेली. दिवसभर गुंगीत, जीभ जड, उभं राहिलं की तोल जायचा. पोटातली कळ मधूनच उठायची आणि गुंगीत त्यांना ती नीट सांगताही यायची नाही. डॉक्टर मात्रा कमी-जास्त करून बघत होते. मशीनबाई रोज लिहायची, अपेक्षेपेक्षा जास्त गुंगी. मला तर आईंची ओळखच पटेना. ज्या बाईच्या हसण्याने शेजारची म्हैस बिचकायची, ती बाई नुसती पडून होती.

तशातही त्यांचं एक चालूच होतं. घरच्या डब्यात गोळ्या संपत आल्या असतील, दुकानातून आणून ठेव, असं त्या मला रोज बजावायच्या. मी म्हणायची, आई, तुम्हाला इथे मिळतायत ना, घरी कोणाला हव्यात? त्या म्हणायच्या, डबा रिकामा नको. आणि दुसरं म्हणजे काकीला इथे आणू नको. काकी रोज घरून निघायला तयार बसलेली असायची, आणि आई रोज काहीतरी कारण काढायच्या. म्हैस व्यायला झालीय, वाडीला पाणी कोण देईल, तिला गाडी लागते. ज्या दोघी बाजारातून कोथिंबिरीची जुडीसुद्धा एकेकट्या आणत नाहीत, त्यांचं हे काय चाललंय ते मला कळेना. मला वाटलं, भांडण झालं असेल.

मग एका सकाळी आई न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, कपाळाला टेंगूळ आलं तेवढंच. पण ॲनिशा सिस्टरनी मला बोलावून ठणकावलं की दिवसा घरचं माणूस जवळ पाहिजे म्हणजे पाहिजे. बायकांच्या वॉर्डात सुरज चालणार नाही, मला टेबल सोडता येत नाही. राहिली एकच. मी आईंना म्हटलं, आता म्हशीचं सांगू नका, काकी येणार. त्या गुंगीतच होत्या. रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसाला साखळीत परवानगी लागते, तसा आमचा नियम आहे, म्हणून मी अंगठ्याचं यंत्र पुढे केलं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, काहीतरी म्हणायचं होतं बहुतेक, पण जीभ वळली नाही. अंगठा टेकवला आणि पुन्हा झोपल्या.

परवानगी मिळाली की मशीनबाई त्या माणसाच्या मोबाईलवर रुग्णाची सगळी हकीकत सोप्या मराठीत वाचून दाखवते. वाचता न येणाऱ्यांसाठी ती सोय आहे आणि मी ती टेबलावर बसून कौतुकाने सगळ्यांना सांगत असते. काकीकडे सुरजचा जुना मोबाईल होता. ती अंगणात सुकट निवडत बसली होती, रामूकाका वाडीत होता. मोबाईल वाजला, तिने हिरवं बटण दाबलं, आणि मशीनबाई तिला सांगू लागली की बायजा यांना फेफऱ्याचा जुना आजार असून त्यांनी गोळ्या घेतल्या नव्हत्या, म्हणून रुग्णालयात गोळ्या सुरू केल्या आहेत. गोळ्यांमुळे त्यांना गुंगी आहे, आज सकाळी त्या पडल्या. शस्त्रक्रिया त्यामुळे लांबली असून पित्ताशयाची सूज वाढत आहे.

काकी सुकट तशीच टाकून निघाली. वसईत उतरेपर्यंत पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं. मी तिला वर नेलं तेव्हा ॲनिशा सिस्टर गोळी घेऊन उभ्या होत्या आणि आईंनी गोळी तळहातावर घेतली होती.  काकी सरळ खाटेशी गेली, आईंच्या तळहातावरची गोळी उचलली, स्वतःच्या तोंडात टाकली आणि आईंच्याच पेल्यातलं पाणी प्यायली.

"ही माजी गोली हाय," ती म्हणाली. "सकालची राह्यलीच होती."

"चांगुने, गप," आई म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदा धड निघाला.

"लय वर्सं गप राह्यले."

ॲनिशा सिस्टरनी माझ्याकडे बघितलं आणि खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. मग त्या पडद्याच्या आत काकी जे बोलली ते मी उभी राहून ऐकलं. मध्येच कधीतरी खाटेच्या कडेला टेकले.

काकी लग्न होऊन आली त्याच पावसाळ्यात लावणीच्या शेतात तिला फेफरं आलं. चिखलात तोंड गेलं होतं. शेजारी आई होत्या, त्यांनी तिला पालथीची उताणी केली, तोंडातला चिखल काढला, ती शुद्धीवर येईपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या. दुसऱ्या बांधावरच्या बायका धावत आल्या तेव्हा काकी बसती झाली होती. कोणाला आलं, काय झालं, असं बायकांनी विचारलं. आईंनी सांगितलं, मला आलं. चिखल दोघींच्याही अंगाला होता. त्या काळात नव्या सुनेला फेफरं येतं असं कळलं असतं, तर आजेसासूने तिला दुसऱ्या दिवशी माहेरी पोचवली असती, आणि माहेरी सावत्र आई. काकीने आईंना विचारलं होतं, तू कशाला तुझ्यावर घेतलंस?

"मना दोन पोरं झालेली," आई आता पडल्या पडल्या म्हणाल्या. "मना कोन काडनार होतं घरातून?"

मग आई अँथनी डॉक्टरांकडे गेल्या आणि काकीचं सगळं स्वतःचं म्हणून सांगितलं. आधी काय होतं, नजर कशी फिरते, मूठ कशी वळते, उठल्यावर डोकं किती दुखतं. काकीचं ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या काकीने घेतल्या आणि तिला गुण आला. तरी मधूनच एखादा झटका यायचा, पण तो आईंच्या पुढ्यात यायचा, बाहेर कळायचा नाही. कारण आजेसासूने काकीला हुकूम सोडला होता की थोरलीला एकटं सोडायचं नाही. राखण थोरलीची, असं सगळं घर समजत होतं. रामूकाकाला काही ठाऊक नव्हतं. आईंनी देवीच्या डोंगरावर काकीला शब्द दिला होता की माझ्या तोंडून कधी निघणार नाही.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना. आईंवर काढला. तुम्ही मेला असता, म्हटलं, दुसऱ्याच्या गोळ्या खाऊन. त्या म्हणाल्या, नाय मेले. मला माझ्या मुलीच्या आंघोळी आठवल्या, आणि पाटापासून लांब ठेवलेली काकी. त्यांच्या कपाळाच्या टेंगळावर हात ठेवून बसून राहिले.

डॉक्टर जॅक्सनना सांगणं भाग होतं, आणि काकीने सांगितलंही. फक्त एकच धरून बसली, घरी कळता कामा नये. रामूकाका काय म्हणेल, या विचारानेच तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. इतकी वर्षं त्याच्या ताटात वाढलं आणि एवढी गोष्ट पोटात ठेवली, त्याला आता काय तोंड दाखवू? मी आयुषला वर बोलावलं. आयुष आमच्या साखळीचा इंजिनियर, विरारचा मुलगा, हुशार आहे पण बोलतो असा की त्याच्या तोंडी चहासुद्धा डाउनलोड होतो. त्याने डोकं खाजवत सांगितलं की जुनं काही खोडता येणार नाही. आईंच्या नावावरचं दुखणं आईंच्या नावावरच राहणार, त्याखाली फक्त खुलासा जोडता येईल. मी विचारलं, खुलाशात काकीचं नाव घालावं लागेल का? तो म्हणाला, नाही, अन्य व्यक्तीसाठी औषध नेलं, एवढंच पुरे. काकीची वेगळी नोंद होईल, तिला तिचं कुलूप. तिने परवानगी दिल्याशिवाय नवराच काय, मंत्री आला तरी दिसणार नाही.

आईंना मी खुलासा वाचून दाखवला. वर जुन्या नोंदी तशाच राहतील, चालेल ना, असं विचारलं. त्या म्हणाल्या, राहू दे, माझंच आहे ते.

काकीने माझ्या टेबलाशी बसून आयुष्यात पहिल्यांदा आपलं दुखणं आपल्या नावावर सांगितलं. मशीनबाई तिला एकेक विचारत होती, आणि काकी खालच्या आवाजात, जणू बाजूला सासू बसली आहे अशी, उत्तरं देत होती. परवानगी डॉक्टरांना, आईंना आणि मला. आणखी कोणी, असं मशीनबाईने विचारलं तेव्हा तिने दाराकडे बघितलं, मग नाही म्हणाली. उठताना मला दोन-तीनदा विचारलं, त्यांना कळणार नाही ना गं? मी म्हटलं, काकी, माझी नोकरीच त्याची आहे. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. आपण लावलेल्या कुलपाचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

गोळ्या बंद झाल्या तशी आईंची गुंगी उतरली. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. त्या दिवशी सकाळी अर्धं जूचंद्र टेंपोत बसून वसईला आलं. बायजाला फेफरं, त्यात भूल देणार, म्हणून सगळ्यांच्या जिवाला घोर. कोणी अंगारा आणला होता, कोणी उकडलेली अंडी. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकांवर सगळे दाटीवाटीने बसले, पुढच्या बाकावर रामूकाका, त्याच्या बाजूला टोकाला काकी. आईंना स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा सगळे उभे राहिले, जणू देवीची पालखी आली.

डॉक्टर जॅक्सन दारात थांबले. आत नेण्याआधी रुग्णाला त्याच्याच तोंडून सगळं पुन्हा विचारायचं, असा नियम आहे. ते ऐकून मशीनबाई नोंदीशी ताडून बघते, आणि जुळलं नाही तर शस्त्रक्रिया तिथेच थांबते. पुन्हा तपासण्या, पुन्हा नवा दिवस. आणि आईंच्या पित्ताशयाने पुरेसा धीर धरला होता, सर्जननी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की आता एक दिवसही पुढे ढकलायचा नाही. नाव काय? आईंनी सांगितलं. कसलं ऑपरेशन? तेही सांगितलं. डॉक्टर सवयीने मोठ्यानेच बोलत होते.

"फेफरं येतं का?"

आईंनी मान वळवून बाकांकडे बघितलं. गाव बघत होतं, रामूकाका बघत होता.

"येतं," आई म्हणाल्या.

डॉक्टरांच्या हातातल्या टॅबवर लाल पट्टी आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मी वाकून आईंच्या कानाशी पुटपुटले, आई, खरं सांगा, नाहीतर थांबेल सगळं. त्यांनी माझा हात दाबला, जणू मलाच काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, नीट विचार करून सांगा आजी.

"येतं ना," त्या आणखी मोठ्याने म्हणाल्या. "सगल्या गावाला ठाव हाय."

बाकांवरच्या बायकांनी माना डोलावल्या. लाल पट्टी तशीच होती. मी तोंड उघडलं, आणि मिटलं, कारण ते बोलायचा हक्क माझा नव्हता. डॉक्टर स्ट्रेचर मागे घ्यायला सांगणार, इतक्यात काकी उठली. पदर सावरला. दोन पावलं पुढे आली आणि स्ट्रेचरच्या कडीला धरून उभी राहिली.

"तिला नाय येत," ती म्हणाली. "तिला कदी आलंच नाय. मना येतं."

 अंड्यांची पिशवी घेतलेली बाई पिशवी तशीच धरून उभी राहिली. रामूकाका हळूहळू उठला. सगळे त्याच्याकडे बघत होते, मीसुद्धा. तो काकीच्या समोर आला.

"कवापासून?"

"लगीन झालं तवापासून." काकी जमिनीकडे बघत होती. 

आईंनी स्ट्रेचरवरून मान उचलली. "भावजी, तिला वरडू नका," त्या म्हणाल्या. "मी येतंय ना भायेर."

डॉक्टर जॅक्सननी आईंना पुन्हा विचारलं. आईंनी काकीकडे बघितलं, काकीने मान हलवली. मग आई म्हणाल्या, नाय, फेफरं नाय.  टॅबवरची पट्टी हिरवी झाली आणि स्ट्रेचर आत गेलं.

दार बंद झाल्यावर काकी तिथेच उभी होती. रामूकाकाने तिचा दंड धरला आणि तिला बाकाकडे आणलं. ती आपल्या जागेवर, बाकाच्या टोकाला, बसायला गेली तेव्हा त्याने तिला थांबवलं. तिला आत, भिंतीच्या कोपऱ्यात बसवलं. आपण बाहेरच्या टोकाला बसला, आणि टेंपोच्या कडेला बसलेल्या पोराला धरतात तसा एक हात तिच्यापुढे आडवा धरून ठेवला.